वास येईनासा झाला की

३ मार्च

धाकट्या,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचे, असं आईने आपल्याला शिकवलं होतं. आज ते सोडून पुढचं लिहिते.

परवा तू फाटकापर्यंत आलास ते मी खिडकीतून पाहिलं. भोंग्याने तुला अडवलं. तराफेवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष झाल्यापासून त्याचा आवाज आणखी चढला आहे, त्यामुळे तो काय म्हणाला ते घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. "दाजींना पोचवायला आलास की जबाब घ्यायला?" मी बाहेर यावं म्हणून थांबला होतास, हे मला कळत होतं. मी आले नाही.

ह्यांचं सगळं नीट पार पडलं, एवढं तुला कळायला हवं म्हणून लिहिते आहे. तुझी भाची रडली नाही. आलेल्या माणसांना चहा देत होती आणि कप मोजून परत घेत होती.

तुझ्या ऑफिसचं निवेदनही वाचलं. 'वारंवार सूचना देऊनही संबंधित इसमाने बार्जच्या बंद भागात प्रवेश केल्यामुळे ही दुर्दैवी घटना घडली.' तुझ्या लग्नात जनरेटर बंद पडला, तेव्हा नवा कोट काढून त्याच्याखाली आडवा झालेला माणूस तो हाच संबंधित इसम. मजकूर तू लिहिलास की दुसऱ्या कोणी, मला माहीत नाही. खाली सही तुझी आहे.

फोन करू नकोस. फोनवर तुझा आवाज आला की मला टीव्हीवरचा तू दिसतोस, आणि मग पुढचं काही ऐकू येत नाही. तुझी बदली मुख्य ऑफिसला झाली असं कळलं. बरं झालं.

ताई


११ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. 'ताई, माझं काय चुकलं ते तरी सांग,' एवढंच. विचारलंस म्हणून सांगते.

तेलाचं जहाज खडकावर चढलं त्या दिवशी तुझं पहिलं निवेदन आलं. किरकोळ गळती आहे, तवंग दोन दिवसांत निघून जाईल, घाबरायचं कारण नाही. त्याच सकाळी आमच्या उत्तरेकडच्या तराफ्यांचे दोर वर ओढले तर शिंपल्यांच्या जागी डांबराचे घोस. माझे हातमोजे घासलेटात बुडवून ठेवले तरी साफ झाले नाहीत. शिंपले निवडायच्या शेडमध्ये सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "तो लिहीत नाही, वाचतो. वरून येतं ते त्याला वाचावं लागतं." तुझी बाजू मी इतकी वर्षं घेत आले, तशीच त्या दिवशीही घेतली.

मग काही आठवड्यांनी ते दुसरं. दक्षिणेकडचे तराफे स्वच्छ आहेत, तिथले शिंपले खायला हरकत नाही. शेडमध्ये वजनकाट्याच्या वर टीव्ही आहे, तुला माहीत आहे. आम्ही सगळ्या टेबलाशी होतो, निवडायला माल नव्हता तरी हजेरीसाठी बसायचो. टीव्हीवर धक्का, तिथे टेबल मांडलेलं, पांढरं कापड, समोर वाफाळती ताटली, आणि तू. माझ्या शेजारची चष्मेवाली म्हणाली, "अगं, तुझा भाऊ पंगतीला बसलाय बघ. एकटाच. दक्षिणा किती मिळणार?" तू शिंपला उघडलास, आतला तुकडा तोंडात टाकलास, चावलास, गिळलास. हसलास. आणखी एक खाल्लास.

चष्मेवाली लगेच बदलली. म्हणाली, "नाही गं, आपल्या गल्लीतलं पोर आहे. तो खातोय म्हणजे खरंच असणार." बाकीच्याही माना डोलावू लागल्या. कोणी तरी म्हणालं, चला, सोमवारपासून कामाला लागू.

आत्याकडे तू शिंपल्याचा एक घास खाल्ला होतास ते मला आठवलं. तेव्हा तू शाळेत जायला लागला होतास नुकता. तुझे डोळे सुजून मिटले, ओठ एवढाले झाले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. बाबा तुला खांद्यावर टाकून पळाले, चप्पल एका पायात. त्यानंतर आपल्या घरात शिंपला शिजला नाही. तू सगळ्यांना सांगायचास की मला आवडत नाहीत, कारण आपल्या गावात 'चालत नाहीत' म्हणणाऱ्याला पोरं चिडवायची. खरं फक्त घरातल्यांना माहीत होतं.

मी ठरवून बोलले नाही. तोंडातून गेलं. "त्याला शिंपले चालत नाहीत. ते खाल्लं असतं तर एव्हाना त्याचा घसा बंद झाला असता."

टीव्हीवर तू अजून हसतच होतास.

"मग तोंडात काय घातलं?" चष्मेवालीने विचारलं.

मागून कोणी तरी म्हणालं, "बटाटा असेल. उकडून कापला की कळतंय कुणाला."

संध्याकाळपर्यंत धक्क्यावर तेच. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात. तेव्हापासून तुमच्या निवेदनाला इथे बटाटा म्हणतात. "आज कुठला बटाटा आला?" "पाण्याचा आला, काल हवेचा आला होता." लहान पोरंसुद्धा म्हणतात.

म्हणतात ना, आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण खोटं तू बोललास. मी खरं तेवढंच सांगितलं. तुझं काय चुकलं, ते हे.

ताई


२० मार्च

धाकट्या,

तू उत्तरात त्या खाण्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. फक्त विचारलंस की त्या दिवशी घरी येऊन तू जे सांगितलंस ते दाजींनी ऐकलं का नाही. म्हणून आज तेच लिहिते. मलाही एकदा ओळीने लिहायचं होतं.

तू आलास तेव्हा तुझा चेहरा सुजला होता. डोळ्यांखाली फुगलं होतं, आवाज बसला होता. मला वाटलं जागरण झालं असेल, नाहीतर प्यायला लागला असशील. मी चहा ठेवला. तू कप हातात धरून बसलास, प्यायला नाहीस. साय धरली त्याच्यावर.

तू म्हणालास, "दाजी, खाडीतल्या त्या जुन्या बार्जवर जाऊ नका. जहाजाच्या कंपनीने तेलाने माखलेले शिंपले, शेवाळ, चिंध्या सगळं पोत्यांत भरून तिच्या पोटात टाकलंय आणि वर झाकण लावलंय. आत सगळं कुजलंय. गॅस झालाय."

हे म्हणाले, "कसला?"

"सडक्या अंड्यासारखा वास असतो. पण आधी वास येतो, आणि गॅस जास्त असला की नाकच मरतं. वास येईनासा होतो. तो येईनासा झाला की संपलं. मी स्वतः सूचना लिहून झाकणावर लावून आलोय. वरच्यांना नको होती, भांडून लावली."

ह्यांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांना तुझी चेष्टा करायची लहर आली की ते तसं करायचे. म्हणाले, "आधी बटाटा खाल्लास, आता अंड्याचं सांगतोस. भाजी कधी करायची?"

तू हसला नाहीस. "दाजी, ह्या वेळी खरं आहे."

"म्हणजे मागच्या वेळी नव्हतं."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी ट्रे उचलून आत गेले. तू गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून प्यावं. नुसतं ओतून देऊ नये." ते म्हणाले, "तुझा भाऊ दूध म्हणाला तरी ताक, ताक म्हणाला तरी ताक. आपण प्यायचंच नाही, विषय संपला."

संघाला त्या पोत्यांतले मेलेले शिंपले हवे होते. तुमच्या प्रयोगशाळेवर कोणाचा विश्वास नाही, म्हणून एक पोतं परस्पर दुसऱ्या शहरात नेऊन तपासून घ्यायचं आणि काय निघतं ते आपणच छापायचं, असं ठरलं होतं. त्यातच ही सूचना आली. भोंगा म्हणाला, "जाऊ नका म्हणतात, म्हणजे नक्की तिथेच आहे काहीतरी." सगळ्यांना पटलं. तेव्हा इथे सूचना उलटीच वाचायची सवय लागली होती. पाणी प्या म्हटलं की लोक नळ बंद करायचे.

दुपारी जेवून हे गेले. जाताना मला म्हणाले, "कोपऱ्यातला नळ गळतोय, आल्यावर बघतो." भोंगा वर उभा होता, झाकण धरून. हे शिडीने उतरले. खालून ओरडून म्हणाले, "वास नाही रे इथे." भोंगा म्हणतो, तेच शेवटचं. मग काही तरी पडल्याचा आवाज आला. भोंगा उतरायला गेला, पण त्याला घेरी आली आणि तो मागे पडला, म्हणून वाचला. ह्यांना काढायला अग्निशमनवाले तोंडावर नळ्या लावून उतरले.

नळ अजून गळतो.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

आज तुझ्याकडे काम आहे म्हणून लिहिते.

ह्यांच्या त्या शेवटच्या वाक्याचं इथे काय झालंय, तुला सांगते. 'वास नाही रे इथे.' तुझी सूचना म्हणते सडक्या अंड्याचा वास. माणूस स्वतः खाली उतरून सांगतो वास नाही. म्हणजे गॅस नव्हता. गॅस नव्हता तर माणूस मेला कसा? म्हणजे खाली कोणी तरी होतं. किंवा पोत्यांत असं काही आहे की ते बघू नये म्हणून. अग्निशमनवाल्यांनी तोंडं झाकली होती ती ओळखू येऊ नये म्हणून, असंही म्हणतात. धक्क्यावर चहाच्या टपरीपाशी उभं राहिलं की रोज नवीन भर.

तुझी भाची हे सगळं मानते. वडील गॅसने गेले हे ती म्हणूच देत नाही. परवा मी नुसतं म्हटलं, "मामा म्हणाला होता की वास येईनासा होतो." ती जेवत होती. ताट बाजूला सारून म्हणाली, "वास आला तर गॅस, नाही आला तरी गॅस. मग मामा खोटा ठरणार कधी, आई?"

मी ताट परत तिच्यापुढे सारलं. तुला ह्याचं उत्तर सुचेल का?

आता असं ठरलंय की बार्जवर पुन्हा जायचं. कोर्टाचा आणि विम्याचा निकाल लागेपर्यंत ती तिथून हलवता येत नाही, आणि कंपनीचा पहारेकरी गेल्या महिन्यात काढून घेतला. पोतं आणायचं ते आणायचंच, असं भोंगा म्हणतो. तुझ्या भाचीने हात वर केला. "बाबांचं अर्धं राहिलेलं काम मी करते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती संघाची मोटरबोट चालवते, पोहते माशासारखी, तिला शिडी उतरायची भीती नाही. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या.

मी अग्निशमनच्या ऑफिसला जाऊन आले. ते म्हणाले, आमची नोटीस लावलेली आहे. पोलीस म्हणाले, अर्ज द्या. मी अर्ज दिला. त्यांनी अर्जावर शिक्का मारून मला परत दिला.

तू ये. इथे येऊन तिच्यासमोर बसून सांग. ऑफिसचा माणूस म्हणून नाही, तिला पोहायला शिकवणारा मामा म्हणून. ती शिव्या देईल, खाऊन घे. भोंग्याला मी बघते. एवढ्या वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

ताई


७ एप्रिल

धाकट्या,

काल तुझी बायको येऊन गेली. तुला सांगून आली नव्हती, असं म्हणाली. तेव्हा हे पत्र वाचून तिच्यावर चिडू नकोस.

तिने गाडी फाटकासमोरच लावली. मी म्हटलं, "गल्लीच्या टोकाला लावायची होतीस." ती म्हणाली, "का वन्सं, मी काय चोरी करायला आलेय?" मग स्वयंपाकघरात बसली. त्या गळक्या नळाखाली मी ठेवलेलं भांडं भरलं होतं, ते उठून मोरीत ओतून आली. मग म्हणाली, "ह्यांनी टीव्हीवर तो शिंपला खरंच खाल्ला होता."

मी म्हटलं, "कोणी पाठवलं तुला?"

"कोणी नाही. वन्सं, ऐकून तर घ्या. वरचे साहेब म्हणाले, गावातलाच माणूस खायला हवा, नाहीतर कोणी मानणार नाही. ह्यांनी दक्षिणेकडचे रिपोर्ट बघितले होते. स्वच्छ होते. हे म्हणाले, पहिल्या निवेदनाला मी फसलो, हे तरी खरं आहे, ह्याला मी उभा राहतो. मला चालत नाही असं सांगितलं तर लोक म्हणणार, सबब सांगतोय. आधी डॉक्टरकडून इंजेक्शन घेतलं. डॉक्टर म्हणाले होते, दोन घास निभावतील. कॅमेरे बंद होईपर्यंत निभावलं. गाडीत बसले आणि घसा धरला. मी बाजूला होते. ओठ निळे."

मग दवाखाना. ऑफिसने सगळ्यांना बजावलं की हे बाहेर जाता कामा नये. अधिकारी शिंपले खाऊन दवाखान्यात, अशी बातमी आली तर पुन्हा जन्मात कोणी शिंपला विकत घेणार नाही. म्हणून तू गप्प बसलास. तेवढ्यात इकडून बटाटा सुरू झाला. ती म्हणाली, "दवाखान्यातून सोडलं ते घरीसुद्धा आले नाहीत. आधी बार्जवर ती सूचना लावायला गेले, तिथून थेट तुमच्याकडे."

सुजलेला चेहरा. बसलेला आवाज. साय धरलेला चहा. तुला गिळता येत नव्हतं.

मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलं त्याने? मी एवढं सगळं लिहिलं होतं त्याला पत्रात."

ती म्हणाली, "म्हणाले, ताईला कळलं तर तिला वाटेल तिच्या बोलण्याने दाजी गेले. त्यापेक्षा मी खोटा राहतो."

तिला मी जेवायला थांबवलं. दोघींनीही नीट खाल्लं नाही. जाताना सांगून गेली की तू ऑफिसला जात नाहीस, खुर्चीत बसून असतोस.

लहानपणी तू पडलास की मी आधी तुला रागवायचे, मग उचलायचे. तू म्हणायचास, उलट कर ना ताई. ते आठवतंय.

ताई


१२ एप्रिल

धाकट्या,

तू रविवारी येतोस, धक्क्यावर सगळ्यांसमोर उभा राहून पहिल्यापासून सगळं सांगतोस, नोकरी गेली तर गेली, हे वाचलं. तुझं ते पत्र पोचायच्या आत इथे काय झालं ते लिहिते.

मी तुझी वाट बघितली नाही. मला वाटलं, माझ्या तोंडून गेलं होतं, माझ्याच तोंडून परत आलं तर लोक ऐकतील. आधी लेकीला सांगितलं. ती बोटीचं इंजिन पुसत होती. सगळं ऐकून घेतलं. फडकं पिळलं. मग म्हणाली, "म्हणजे मामाने शिंपला खाल्ला आणि दवाखान्यात गेला."

"हो."

"म्हणजे शिंपले विषारीच होते."

"अगं, त्याला लहानपणापासून चालत नाहीत. आत्याकडे…"

"तूच सांगितलंस की त्याने खाल्ला नाही. सगळ्या गावाला सांगितलंस. आता म्हणतेस खाल्ला. आई, आधी खोटं बोललीस की आत्ता?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आणि आता मामी येऊन गेल्यावर कळलं." ती फडकं घडी घालत होती, अगदी ह्यांच्यासारखी, चौकोनी. "किती वेळ होती ती? गाडी दुपारभर उभी होती म्हणे."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सांगायचं म्हणून गेले. मी तोंड उघडायच्या आत चष्मेवाली म्हणाली, "पाहुणी आली होती म्हणे. काय काय आणलं?" कोणी तरी मागून म्हणालं, "बटाटे." सगळ्या हसल्या. मीही हसले असते, दुसऱ्या कोणाबद्दल असतं तर. तरी मी सांगितलं. सगळं सांगितलं, आत्याच्या घासापासून. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. ती वाईट बाई नाही, ह्यांच्या वेळी तिने आमच्या घरात चार दिवस स्वयंपाक केला. हळूच म्हणाली, "भाऊ आहे तुझा. आम्ही समजू शकतो. पण गावाला नको सांगूस हे, तुझंच हसं होईल." आणि मग ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. तिथे उजेड बरा आहे म्हणाली.

जे खरं आहे त्याचे इथे दोनच तुकडे होतात. तू खाल्लं नाहीस, तर तू खोटा. तू खाल्लंस, तर शिंपला खोटा. तिसरं काही त्यांना ऐकू येत नाही. त्यांचा दोष आहे असंही मला म्हणता येत नाही. पहिल्या दिवशी माझ्या हातमोज्यांना जे लागलं होतं, ते खरंच लागलं होतं.

तू अजून निघू नकोस. मी कळवते.

ताई


२० एप्रिल

धाकट्या,

हे पत्र गुडघ्यावर कागद ठेवून लिहिते आहे, अक्षर वाकडं येईल. मी बार्जवर आहे. झाकणावर बसले आहे.

ठरलेल्या रविवारी सकाळी संघवाल्यांच्या आधी मी आले. खाडीच्या भिंतीवरून फळी टाकलेली आहे, तेवढी मला जमते. घरातली सतरंजी आणली, पाण्याची बाटली आणली. लोखंड तापतं, सतरंजीतून चटका लागतो. तुझी सूचना अजून आहे, एका कोपऱ्याने सुटलेली. तिच्यावर कोणी तरी कोळशाने बटाटा काढलाय. चांगला काढलाय, डोळे वगैरे.

मग ते आले. लेक पुढे, दोराचं वेटोळं खांद्यावर. मला बघून थांबली.

"आई, ऊठ."

"नाही."

भोंगा म्हणाला, "वहिनी, दहा मिनिटांचं काम आहे."

"ह्यांना तेवढीही लागली नाहीत."

त्याने तोंड फिरवलं. तो वर उभा होता त्या दिवशी, त्याला ते रोज दिसत असणार. पण मागचे काही जण हसले. एक जण म्हणाला, "भावाने बसवलंय. सूचना फाटली म्हणून आता बहीण चिकटवली."

लेकीने माझा दंड धरला. ताकद आहे तिच्या हाताला. मी काही ओढाताण केली नाही, नुसती जड झाले. ती लहानपणी बाजारात करायची तशी. तिने सोडलं. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा असते तर त्यांना तुझी लाज वाटली असती." मग सगळ्यांना म्हणाली, "चला. आज नको."

आज नको म्हणाली. नकोच असं म्हणाली नाही.

तेव्हापासून मी रोज येते. शेडमधलं काम गेलं, तसंही माल नाही. लेक घरी येते, जेवते, बोलत नाही. मी ताट वाढते, ती घेते. माझ्या हातचं खाते, एवढं आहे. संध्याकाळी मी घरी जाते. त्यानंतर ते येऊ शकतात, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. कुलूप लावायचं म्हटलं तर ते तोडायला भोंग्याला पहार पुरे. तिची खोली रिकामी दिसली की मी अनवाणी इथे धावत येते. दोनदा आले. दोन्ही वेळा ती धक्क्यावर नुसती बसली होती, इकडे तोंड करून. मी लांबूनच परतले.

आज दुपारी झाकणाच्या फटीतून जरा वास आला. सडक्या अंड्याचा, तू म्हणालास तसाच. मला बरं वाटलं. येतोय तोवर नाक शाबूत आहे. बार्ज ते कधी नेतील, कोणाला माहीत नाही. तुमच्या ऑफिसने लवकरच म्हटलंय, ते मी वाचलं. त्याच्यावर मी काहीच धरून चालत नाही.

तू विचारलंस, आता निघू का. नको. मीच तुला बोलावलं होतं, मीच नको म्हणते आहे. तू धक्क्यावर दिसलास की त्यांची खात्री पटेल की मी तुझीच माणूस. मग माझं इथे बसणं म्हणजेही एक बटाटा, आणि त्या दिवशी लेक माझ्या अंगावरून जाईल. आत्ता तिला निदान थोडी शंका आहे. ती शंका मला राखायची आहे. नळाची दुरुस्ती, ह्यांचं वर्ष, तिचं लग्न कधी झालंच तर ते, कशालाही येऊ नकोस. तुझ्या बायकोलाही पाठवू नकोस. पत्रसुद्धा नको, पोस्टमन गल्लीत नाव पुकारतो.

तू खाल्लंस. मला ते पटलं आहे. इथे ते एकटीला पटून काही उपयोग नाही, पण तुला माहीत असावं.

घसा सांभाळ. वर लिहायचे राहिलेले आशीर्वाद इथे खाली लिहिते, सगळ्या पत्रांचे मिळून.

ताई